म्हातारी बसमध्ये का चढली नाही

मी बी.ए.ला एका विषयात अडकले ती एका म्हातारीला बसमध्ये बसवल्यामुळं. म्हातारी माझी कुणी नव्हे, अभ्यासाच्या पुस्तकातली. पण मी तिला हाताला धरून बसमध्ये चढवलं, खिडकीपाशी जागा करून दिली, आणि वही तपासणाऱ्या सरांनी लाल शाईनं खाली लिहिलं, 'ही कथा आपल्या पुस्तकात नाही.'

आधी मी कोण ते सांगते. युसूफ वडगावात मी अंगणवाडी सेविका आहे. सकाळी पोरांना बडबडगीतं, खाऊ, वजन-उंची, मग ते सगळं मोबाइलमध्ये भरायचं. घरचं भांड्यांचं दुकान आहे, ते आमचे हे बघतात. थोरले दीर शेती बघतात. थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते; घर खरं त्याच बघतात. आणि सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, ते ह्या सगळ्यांकडं बघतात.

मला गोष्टी सांगायची खोड आहे. खोडच म्हणायची, कारण मी सांगायला लागले की घडलं ते जरा बाजूला राहतं. लग्नाहून आले की तिथं न आलेल्या पाहुण्यांचंही बोलणं मी सांगते. आमचे हे मुळात कमी बोलणारे. ते एकदा म्हणाले, "तू बाजारातून कोथिंबीर आणली तरी तिला आई-बाप आन् सासू-सासरे आस्तेत." मला ते कौतुक वाटलं. बरीच वर्षं वाटत होतं.

पदवी असलेल्या सेविकेला मुख्यसेविकेच्या जागेसाठी अर्ज करता येतो, म्हणून मी बाहेरून बी.ए.ला नाव घातलं. विषय मराठी घेतला. मनात म्हटलं, गोष्टी-कवितांचा अभ्यास म्हणजे माझ्यासाठी सासरहून माहेरी जाण्यासारखं. सगळे पेपर निघाले. शेवटचा राहिला तो 'कथा आणि कविता: आस्वाद आणि विश्लेषण'. त्यातली लेखी परीक्षाही निघाली. पण त्या विषयाचा एक घरी लिहायचा स्वाध्याय होता, एक कथा आणि एक कविता, आणि त्यात वेगळं पास व्हावं लागायचं. अर्जाला वयाची अट होती. ह्या वर्षी पदवी हातात आली तर मी अटीच्या अलीकडं, पुढच्या वर्षी पलीकडं. तालुक्याच्या बैठकीत मी सगळ्या बायांना सांगून बसले होते, "माझं बी.ए. झालं म्हणून समजा."

कथा अडीच पानांची होती. एका फाट्यावर एक म्हातारी रोज सकाळी येऊन उभी राहते. नऊची गाडी आली की हात दाखवते. गाडी थांबत नाही. ती घरी जाते, चुलीवरचं दूध उतरवते आणि कामाला लागते. फाट्यावरच्या हॉटेलातली माणसं तिला हसतात. असं पुष्कळ दिवस चालतं. एके दिवशी गाडीवर नवा ड्रायव्हर येतो आणि तो ब्रेक दाबतो. दार उघडतं. कंडक्टर म्हणतो, "चला आजी, लवकर." म्हातारी त्याच्याकडं बघते आणि नकारार्थी मान हलवते. गाडी निघून जाते. धुरळा खाली बसेपर्यंत ती उभी राहते, मग पदर सावरून घराकडं वळते. संपली गोष्ट.

मी ती वाचली तेव्हा उन्हाळ्याची कामं चालली होती. आमच्या गल्लीत पापड एकटीनं कुणी करत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, अशी पाळी असते. आठ-दहा बाया पोळपाट-लाटणं घेऊन येतात, दुपारभर लाटतात, आणि तेवढा वेळ मला बोलायला लावतात. पहिली पाळी आमचीच होती. मी गोष्ट जशी होती तशी सांगितली. शेवटाला आले तशी लाटणी थांबली.

"मंग? चढली का?"

"नाही."

"न्हाई म्हंजे? गाडी थांबली ना?"

"थांबली. पण ती चढली नाही."

"काय बाई हे! रोज उन्हात ताटकळली आन् चढलीच न्हाई? तुला नीट वाचता आलं नसंल."

"वाचलं की चांगलं दोनदा."

"मंग लिवणाराला सुचलं नसंल पुढचं," शेजारची म्हणाली, आणि सगळ्या अशा हिरमुसून पापड लाटायला लागल्या की त्या दिवशीचे पापडही जाड झाले.

दुसऱ्या दिवशी शेजारणीकडं पाळी. तिथं मागच्या दिवशी नसलेल्या दोघी होत्या, त्यांनी गोष्ट पुन्हा मागितली. मी काय करणार? मी म्हातारीला चढवलं. लाटणी अशी पळायला लागली म्हणता! तिसऱ्या घरी कुणीतरी विचारलं, "रिकाम्या हातानं गेली व्हय?" मी तिच्या हातात पिशवी दिली, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू. चौथ्या घरी लाडू कुणासाठी ते ठरवावं लागलं, म्हणून तिला लातूरला एक लेक झाली. पाचव्या घरी कंडक्टरनं स्वतःची जागा तिला दिली. सहाव्या घरी गाडीतून उतरताना लेक बसस्टँडवर उभीच होती, आणि दोघी गळ्यात पडल्या, तेव्हा आमच्यातल्या दोन बायांनी पिठाच्या हातानं डोळे पुसले. मला त्या दिवशी जे समाधान वाटलं ते अजून कुठल्या गुणपत्रिकेनं दिलेलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी स्वाध्याय लिहायला बसले. पुस्तक उघडलंही नाही. गोष्ट मला पाठ होती ना! सहा पानं लिहिली. लेकीच्या स्वभावाचं वेगळा परिच्छेद करून चित्रण केलं.

आता कवितेचं. कविता लहान होती. विहिरीवर आता मोटर बसलीय. दोर नाही, पोहरा नाही. काठाच्या दगडात दोर घासून घासून पडलेली खाच तेवढी राहिलीय. तिच्यात पावसाचं पाणी साठतं आणि चिमण्या येऊन पितात. एवढंच. मला वाटलं, ह्यात लिहायचं काय? म्हणून मी मामांकडं गेले.

मामांकडं जाण्याचं कारण आहे. श्रावणात आमच्या महादेवाच्या देवळात पोथी लागते. एकजण ओवी वाचतो, तो वाचक. समोर बसून जो तिचा अर्थ लोकांना सांगतो, तो सूचक. मामा आयुष्यभर सूचक. वाचक थांबला की सूचकानं लगेच सुरू व्हायचं असतं. ओवी अवघड आहे, हा शब्द ठाऊक नाही, असलं काही चालत नाही. मामांपुढं कुठलीही ओळ ठेवा, ते डोळे मिटतात, आणि डोळे उघडतात तेव्हा अर्थ तयार असतो.

मी कविता वाचून दाखवली. मामांनी डोळे मिटले.

"लिही पोरी. हीर म्हंजे संसार. दोर म्हंजे श्वास. खाच म्हंजे आपलं कर्म. चिमणी म्हंजे जीव."

"आणि मोटर, मामा?"

इथं ते क्षणभर अडखळले असं मला वाटलं. पण नाही. "मोटर म्हंजे माया. बटन दाबलं की सुरू, लाइट गेली की बंद."

मी एवढी खूश झाले की 'प्रतिमा आणि प्रतीके' ह्या मथळ्याखाली ते सगळं लिहून वर एक ओळ जादा टाकली, की विजेचं बिल म्हणजे भोग. ही भर माझी.

वही परत आली तेव्हा कथेखाली ती लाल ओळ होती. कवितेच्या पानावर संसारापाशी, श्वासापाशी, कर्मापाशी, जीवापाशी, प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न लिहिला होता: 'हे कवितेत कुठे आहे?' विजेच्या बिलापाशी नुसतं उद्गारचिन्ह होतं. शेवटी, 'अपुरे. कृपया फोन करावा.'

मी फोन केला. सर बीडच्या अभ्यासकेंद्रातले, आवाजावरून माझ्या भाच्याच्या वयाचे. "ताई, तुम्ही लिहिता चांगलं," ते म्हणाले, "पण तुम्ही वाचलेलं दिसत नाही. एक संधी देता येते. पंधरा दिवसांत दोन्ही पुन्हा लिहा, आणि इथं येऊन समोर बसून दोन्हींवर बोला. तेव्हा जमलं नाही तर मग पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी. म्हणजे अटीच्या पलीकडं. मी हो सर, हो सर म्हणत फोन ठेवला आणि बराच वेळ अंगणवाडीतल्या वजनकाट्याशेजारी बसून राहिले.

घरी मामा वाटच बघत होते.

"काय म्हणले तुझे सर आपल्या अर्थाला?"

"म्हणले, हे कवितेत कुठं आहे ते दाखवा."

"दाखवा? अर्थ दिसत आस्तोय का? अर्थ सांगायचा आस्तोय." मग, "किती शिकलेत?"

"पीएच.डी. आहेत मामा."

"मंग बरोबर हाय. लई शिकलं की मानसाला दिसल्याबिगर पटत न्हाई. कधी जायचंय बीडला?"

"पंधरा दिवसांनी."

"मी येतो संगं. मला त्यांना येक इचारायचंय."

आता झालं का! पास व्हायची लढाई माझी, आणि सोबत सरांशी भांडायला मामा. अक्का चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

अक्कांची शाळा पाचवीतच सुटलेली. पुढच्या दिवशी दुपारी त्या सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मी पुस्तक घेऊन शेजारी बसले. सरांनी 'वाचलेलं दिसत नाही' म्हटलं होतं ते मनाला लागलं होतं, म्हणून ठरवलं, शब्द न् शब्द मोठ्यानं वाचायचा, पदरचं काही घालायचं नाही. माझ्यासाठी ते उपास धरण्यासारखं होतं.

"अक्का, पुस्तकात ती चढत नाही बरं का. पहिल्या दिवशी सांगितलं तेच खरं."

"आसू दे की. तू वाच."

मी वाचलं. अडीच पानं वाचायला असा किती वेळ लागतो? शेवट आला. अक्कांचा सुपातला हात थांबला नाही.

"बरं केलं," त्या म्हणाल्या.

"काय बरं केलं?"

"न्हाई चढली ते."

"कावून?"

"तिला कुटं जायाचंच न्हवतं."

"अहो अक्का, रोज थांब्यावर जाऊन उभी राहते की!"

"हातात पिशवी हाय का तिच्या? वाच बघू."

मी पुन्हा सगळं वाचलं. बोट ठेवून वाचलं. पदर होता, काठी होती, पायात जुन्या वहाणा होत्या. पिशवी नव्हती. पिशवी मी दिली होती, तिसऱ्या घरी, लाडवांसकट.

"गावाला निघालेली बाई आन् हातात पिशवी न्हाई?" अक्का म्हणाल्या. "मी हितून केजला दवाखान्यात जायाचं म्हणलं तरी दोन पिशव्या आस्त्यात. आन् ते दूध? गावाला जाणारी दूध तापवून, झाकून, शिंक्यात ठेवून जाती. ही चुलीवर ठेवून गेली. म्हंजे तिला ठावं हुतं, दूध वर यायच्या आत आपून माघारी."

"मग थांब्यावर जातेच कशाला?"

"आपून हात केला तर कुणी थांबतंय का, ते बघाया." त्यांनी सूप पाखडलं. "थांबला की येकजण. झालं तिचं काम."

अक्काच पुढं बोलल्या, तुरीकडं बघत. "तुजे दीर तसे वाईट न्हाईत. पर शेतातून आले की जेवून मोबाइलात. मागं येक दिवशी, काय झालं कुणास ठाऊक, हात धुता धुता मला इचारलं, 'आज काय केलं गं दिवसभर?' मी म्हणलं, 'काय न्हाई.' त्या दिवशी मला लई बरं वाटलं बाई."

"आणि खरं काय केलं होतं दिवसभर?"

"अगं, त्या दिवशी मी येकटीनं अडीचशे कुरडया घातलेत्या!"

आम्ही दोघी एवढ्या हसलो की तूर सांडली. पण हसून झाल्यावर मला जरा कसंतरी झालं. त्या गोष्टीचा सगळा जीव म्हातारीच्या रिकाम्या हातात होता, आणि तोच हात मी लाडू घालून भरून टाकला होता. सहा घरं फिरून बायांना रडवलं, पण म्हातारीचं म्हणणं काही ऐकून घेतलं नाही. तिला लेक पाहिजे होती की नाही, हे विचारलंसुद्धा नाही. आणि मी स्वतःला गोष्टीवाली समजत होते.

मग पंधरा दिवस मी रोज दुपारी कविता घेऊन बसायचे. कथेचं उत्तर अक्कांनी हातात दिलं होतं, कवितेचं मात्र मलाच शोधायचं होतं. मामांकडं जायचं नाही असं ठरवलं, आणि मामांनीही स्वाभिमानानं विचारलं नाही. फक्त मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले की ते खोकायचे.

जायचा दिवस उजाडला. मामा धुतलेलं धोतर, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाचा शिवदोरक, असे तयार. बसमध्ये मामांना तिकीट लागत नाही, मला अर्धं लागतं. त्यामुळं ते पहिल्यापासून वरच्या आवाजात होते. केज गेलं, मांजरसुंबा गेलं, बीड आलं. अभ्यासकेंद्र म्हणजे एका कॉलेजच्या मागची खोली. सर खरंच भाच्याच्या वयाचे निघाले. त्यांनी उठून मामांना नमस्कार केला, खुर्ची दिली, त्यामुळं मामांचा अर्धा प्रश्न तिथंच विरघळला. उरलेला अर्धा त्यांनी विचारला.

"हिच्या वहीत मी अर्थ सांगितलाता. तुमी इचारलं, कुठं हाय. तो चुकीचा हाय का?"

आता माझी पदवी दोन पुरुषांच्या वादात जाणार असं मला वाटलं.

सर म्हणाले, "चुकीचा नाही, आजोबा. पण संसार, श्वास, कर्म, जीव हा अर्थ विहिरीलाही लागतो, बैलगाडीलाही लागतो आणि शिवणयंत्रालाही लागतो. मला ह्या एकट्या कवितेचा अर्थ पाहिजे होता. दुसऱ्या कुठल्याही कवितेला न लागणारा."

मामांनी डोळे मिटले. मी वाट बघत राहिले. डोळे उघडले. नुसते खुर्ची जरा मागं घेऊन बसले.

मग माझी पाळी. पुन्हा लिहिलेली वही मी सरांपुढं ठेवली. कथेवर मी बोलले. पिशवी नसणं, दूध, हॉटेलातली हसणारी माणसं. प्रत्येक वेळी पान उघडून बोट ठेवलं. सरांची मान हलत होती. मग ते म्हणाले, "फार छान. हे तुम्हाला कसं सुचलं?"

आता इथं मला खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभराचा सराव होता. पण समोरच्या पानावर ती म्हातारी रिकाम्या हातानं उभी होती, आणि एकदा तिच्यावर अन्याय करून झाला होता. मी म्हटलं, "सर, मला नाही सुचलं. जाऊबाईंना सुचलं. मी फक्त वाचून दाखवलं."

सरांनी पेन खाली ठेवलं. "मग तुमचं काय, ताई?"

झालं. मी मनात म्हटलं, गेलं वर्ष.

"कविता सांगा," ते म्हणाले. "जाऊबाई नकोत, आजोबा नकोत. ह्या कवितेत माणूस कुठं आहे?"

मी कविता बघितली. आठ ओळी. विहीर, मोटर, दगड, खाच, पाणी, चिमण्या. पुन्हा वरून खाली बोट फिरवलं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"सर, माणूस नाही. कुठंच नाही."

"मग?"

"पण खाच आहे." मी बोट तिथंच ठेवलं. "एका दिवसात दगडाला खाच पडत नाही. म्हणजे पुष्कळ बाया पुष्कळ वर्षं पाणी शेंदत होत्या. कवीनं त्यांचं नाव घेतलं नाही, हातही दाखवले नाहीत. त्यांचं फक्त झिजवलेलं दाखवलंय. म्हणजे माणसं आहेत, सर. पण ती ह्या एका शब्दात बसवलीत."

"आणि मोटर म्हणजे काय?"

मी मामांकडं बघितलं नाही. "मोटर म्हणजे मोटर, सर."

सर पहिल्यांदा हसले. "कविता दुःखाची की आनंदाची?"

"ते मला एक ठरवता येत नाही," मी म्हटलं. "आता कुणाला शेंदावं लागत नाही, हे चांगलं झालं. शेंदून बायांचे खांदे जातात, मला माहीत आहे. पण खाच आता वाढणार नाही, ते वाचताना बरं वाटत नाही. आणि चिमण्या त्याच खाचेतलं पाणी पितात, तिथं परत बरं वाटतं. तिन्ही ठिकाणी बोट ठेवता येतं. एक निवडा म्हणलात तर मला निवडता येणार नाही."

"निवडू नका," सर म्हणाले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं, आणि वही मिटली. "निकाल रीतसर येईल. पण जाताना घाबरत जाऊ नका."



बीडहून परत निघालो की कपिलधारचं देवस्थान वाटेवरच पडतं, आणि आमच्या घरातलं माणूस तिथं डोकं टेकवल्याशिवाय पुढं गेलेलं मला आठवत नाही. मांजरसुंब्याला उतरून आम्ही जीपनं गेलो. दर्शन झालं. धबधब्याला पाणी होतं, पोरं खाली भिजत होती. आम्ही वर पायरीवर बसून अक्कांनी दिलेले धपाटे खाल्ले. मामा बीडपासून गप्पच होते. मला वाटलं, रागावले. मी म्हटलं, "मामा, सरांचं मनावर घेऊ नका."

"न्हाई गं." त्यांनी धपाट्याचा तुकडा मोडला. "आपल्या आडाच्या दगडाला बी खाचा हायेत. ठावं हाय का तुला?"

"नाही मामा. आड बुजवल्यावर मी आले."

"बुजवला न्हाई, फरशी टाकली वरून. कडंचा दगड तसाच हाय. त्यात चार खाचा हायेत, चार घरांच्या. ज्या त्या घरची बाई आपापल्या जागी उभी ऱ्हायची. आपली सगळ्यात डावीकडं." मग ते म्हणाले, "माझी माय डावरी हुती. डावीकडं दुसरी बाई आली की तिचा हात अडायचा. म्हणून ती टोकाला उभी ऱ्हायची."

मी ह्या घरात बावीस वर्षं आहे. मामांच्या तोंडून त्यांच्या आईबद्दल मी हे पहिलं वाक्य ऐकत होते. मी एरवी लगेच विचारलं असतं, मग काय झालं, कशा होत्या, काय म्हणायच्या. त्या दिवशी विचारलं नाही. त्यांनीही पुढं अर्थ सांगितला नाही. पाणी पडत होतं, आणि आम्ही दोघांनी उरलेले धपाटे संपवले.

निकाल एका सकाळी अंगणवाडीत असताना मोबाइलवर आला. तेव्हा मी एका पोराची उंची मोजत होते. ते भिंतीला टेकून ताठ उभं, आणि मी त्याच्या डोक्यावर पट्टी धरून मोबाइलकडं बघत राहिले. 'उत्तीर्ण.' गुण काठावरचेच होते, पण काठावरचा माणूसही कोरडाच असतो. पोराची उंची तेवढी त्या दिवशी पुन्हा मोजावी लागली.

चार दिवसांत गुणपत्रिका आणली, नकला काढल्या, आणि शेवटच्या तारखेच्या आत केजला जाऊन अर्ज दिला. कागद तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, "मराठी घेऊन बी.ए.? अंगणवाडीला त्याचा काय उपयोग?"

माझ्याकडं ह्यावर एक मोठी गोष्ट तयार होती. तिच्यात म्हातारी होती, अक्का होत्या, मामा होते. पण मागं रांग होती. मी म्हटलं, "मॅडम, आता समोर आहे ते नीट बघते. मोबाइलात भरतानासुद्धा." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि पोच दिली.

यादी अजून लागायची आहे. नाव आलं तर गावोगावच्या अंगणवाड्या बघत हिंडायचं, नाही आलं तर माझी एक आहेच. घरी मी अक्कांना म्हटलं, तुम्हीही नाव घाला आता, मी फॉर्म आणते. त्या म्हणाल्या, "मला परीक्षेला बशिवलं तर मी काय बी लिवीन. तू आपली वाचत जा, मी आपली सांगत जाते."

गुणपत्रिकेची एक रंगीत नक्कल आमच्या ह्यांनी चौकटीत घालून दुकानात लावली, कुकरच्या फळीच्या वर. मला विचारलंही नाही. परवा मी डबा द्यायला गेले तेव्हा एक गिऱ्हाईक वर बघून विचारत होतं, "कुणाची हाय ही?"

"घरातली."

"काय झाल्यात?"

"बी.ए.," हे म्हणाले, आणि कुकरचं झाकण फिरवून लावून दाखवलं.